तळहाताची नोकरी

भूम,
६ जून २०२४

शबनम फुफीस अलिजाचा सलाम.

पत्र बघून घाबरू नका, घरी सगळे खुशाल आहेत. फोनच केला असता, पण आमच्या घरचा फोन तुम्हाला माहिती आहे. अब्बांना स्पीकरशिवाय ऐकू येत नाही आणि स्पीकर लावला की भट्टीवरची निम्मी माणसं कान देऊन उभी राहतात. मला फक्त तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही अब्बांची एकुलती एक बहीण आणि आपल्या खानदानातल्या पहिल्या बी.ए., म्हणून हा कागद.

बारावीचा निकाल कळलाच असेल, अम्मीनं मुरुमपर्यंत पेढे पाठवले होते. आता पुढचं ऐका. गेल्या सोमवारी पुण्याच्या एका मिठाईच्या कारखान्याचे मॅनेजर, उमाशंकर नावाचे, गाडी घेऊन थेट आपल्या खव्याच्या भट्टीवर आले. गफारभाईची पोरगी तळहातावर खवा घोळून तो कसा आहे ते सांगते, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. भट्टीच्या धुरानं अब्बांचं नाक गेलं तेव्हा मी तिसरीत होते. तेव्हापासून त्यांचं नाक मीच आहे. उमाशंकरांनी सात पुड्या ओळीनं मांडल्या. मी एकेक चिमूट तळहातावर घेऊन अंगठ्यानं घोळली, तूप सुटेपर्यंत थांबले, वास घेतला आणि सांगत गेले. हा निव्वळ म्हशीच्या दुधाचा. यात गाईचं आहे. हा परवाचा. यात पावडर घातलीये. हा कढईला लागला होता. सातही बरोबर निघाले. त्या गृहस्थांनी पुड्या गोळा केल्या. मग म्हणाले, महिना बत्तीस हजार, राहायला खोली, दोन वेळचं जेवण. काम एवढंच की रोज सकाळी गावोगावचा खवा येतो तो पास करायचा, नाहीतर नापास.

अब्बांनी मला न विचारता तिथल्या तिथं जबान दिली. आपल्या गल्लीत एवढा पगार कुणालाच नाही, त्यामुळं भट्टीवर सगळ्यांना चहा पाजला तो वेगळाच.

फुफी, मला ही नोकरी करायची नाही. मला उदगीरच्या दूध तंत्रज्ञानाच्या कॉलेजात जायचंय, चार वर्षांची डिग्री आहे. सीईटी दिलीये, निकाल येईलच आता. केमिस्ट्रीच्या मॅडमनी स्कॉलरशिपचे कागदसुद्धा माझ्याकडून तयार करून घेतलेत. अब्बांना सांगितलं तर ते हसायला लागले. म्हणाले, दुधातलं तुला आता कोण काय शिकवणार? त्यांना कसं सांगू, मला वास कळतो पण तो का येतो ते कळत नाही. दहा वर्षं झाली, मी नुसतं हो आणि नाही सांगतेय. मला त्याच्या आतलं बघायचंय.

अब्बा तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. एक फोन करा. स्पीकरवर केला तरी चालेल.

तुमची
अलिजा


मुरुम,
११ जून

अलिजा बेटा, लई दुवा.

तुझं पत्र दुकानात बसून दोनदा वाचलं, एका बाईच्या हातात अर्ध्या बांगड्या भरलेल्या तशाच ठेवून. आता माझं उत्तर ऐक. मी तुझ्या अब्बांना फोन करणार नाही. राग आला तर येऊ दे.

तू मला बी.ए. म्हणून पत्र लिहिलंस ना? मग त्या बी.ए.चं काय झालं तेही तुला कळलं पाहिजे. माझं सर्टिफिकेट लोखंडी पेटीत निकाहनाम्याच्या खाली आहे. लग्नात सासरची माणसं सगळ्यांना सांगत होती की सून शिकलेली आहे, पोरांचा अभ्यास घेईल. घेतला. नऊ वर्षं तेच केलं. कपडे आणायला पेठेत जायचं तरी विचारून जायचं, आणि नाही म्हणाले तर बसायचं. मग एक दिवस भांडले, दोन दिवस जेवले नाही आणि हे बांगड्यांचं दुकान टाकलं. ज्या दिवसापासून गल्ल्याची किल्ली माझ्या कमरेला आली त्या दिवसापासून मला कुणी विचारलं नाही की कुठं चाललीस. डिग्रीनं हे झालं नाही, बेटा. दुकानानं झालं.

तू चार वर्षं कॉलेजात बसशील. तेवढ्यात स्थळांची रांग लागेल. दुसऱ्या वर्षी तुझा बाप असाच कुणाला तरी भट्टीवर बसून जबान देईल, आणि तुझं कॉलेज राहील तिथं. पण बत्तीस हजार आणणाऱ्या पोरीला असं कुणी उचलून देत नाही. तिला विचारतात. मला तुला विचारलेलं बघायचंय, एवढीच माझी हौस आहे.

मला वाटतं तू पुण्याला घाबरलीस. घाबरू नकोस. मी तुझ्या वयाची असते आणि मला कुणी असं बोलावलं असतं तर मी चपला न घालता पळाले असते. जा, आठ दिवस काम बघून ये, मग बोल.

सोमवारी ईद आहे. पार्सलात तुझ्या मापाच्या बांगड्या आहेत आणि मेंदीचे दोन कोन. नवीन माल आहे, एका रात्रीत काळाभोर रंग चढतो, सगळं मुरुम वेडं झालंय. दोन्ही हातांवर भरून काढ आणि मगच पुण्याला जा. कारखान्यातल्या लोकांना कळू दे कुणाची भाची आली ते.

तुझी फुफी
शबनम


भूम,
२ जुलै

फुफी, सलाम.

मी घाबरले नव्हते. हे आधी लिहिते, कारण तुमच्या त्या एका ओळीनं मला इतका राग आला की पंधरा दिवस पत्राला हात लावला नाही. आता लिहितेय तो राग तुमच्यावरचा नाही.

तुम्ही म्हणालात बघून ये, म्हणून बघून आले. ईद झाली, मेंदी काढली, बांगड्या भरल्या, आणि १९ तारखेला भल्या पहाटे अब्बांबरोबर खव्याच्या टेंपोतूनच पुण्याला गेले. चार दिवस त्यांनी मला कामाला बसवून बघितलं. सकाळी डबे येतात. डब्यावर नाव नसतं, नुसता नंबर. मी तळहातावर घोळायचं, बोलायचं, बाजूला एक माणूस लिहून घेतो. मला स्टीलचं टेबल दिलं, पांढरा कोट दिला, डोक्याला टोपी. खरं सांगते, पहिल्या सकाळी मला लई भारी वाटलं. वयानं मोठी माणसं माझ्या तोंडाकडं बघत उभी होती.

त्या पहिल्याच सकाळी मी सतरा ते वीस नंबरचे चार डबे नापास केले. खव्याला वास होता. औषधी, झोंबणारा. असा वास मी आधी कधी घेतला नव्हता. तरी मी सांगितलं, आणि कुणी उलटून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बर्फीच्या हॉलमध्ये गेले तर तेच चार डबे कढईत रिकामे करत होते. मला वाटलं चुकून आले असतील, म्हणून धावत गेले. तिथला माणूस म्हणाला, ताई, नापास म्हणजे भाव नापास, खवा नापास नाही. नापासाला निम्मा भाव देतात आणि माल तोच वापरतात. मी उमाशंकरांकडं गेले. त्यांनी काही लपवलं नाही, उलट खुशीत समजावून सांगितलं. म्हणाले, बाहेरचा माणूस नापास म्हणाला की भूमचे भट्टीवाले भांडायला येतात, गफारभाईच्या पोरीनं म्हटलं तर कोण भांडेल? म्हणून तर तुला आणलं.

आता खरी गोष्ट. घरी आले तर आमच्या शेजारच्या नागूबाई, दोन म्हशींवर एकटीची भट्टी चालवतात त्या, अंगणात बसून होत्या. त्यांचे चार डबे नापास झाले होते. १९ तारखेचे. अम्मी त्यांना चहा देत होती. मी चप्पल काढायच्या आधीच त्यांनी खव्याची एक पुडी माझ्यापुढं धरली. तोच घाणा, थोडा घरी फ्रीजमध्ये राहिला होता. मी घोळला. कसलाही वास नव्हता. असा खवा मी स्वतःच्या लग्नात वाढीन.

मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मग कपाट आवरताना तुमचा उरलेला अर्धा कोन सापडला. सहज नाकाशी नेला, आणि फुफी, तोच वास. रंग धरायला त्यात कसलंतरी तेल घालतात. मी काय केलं सांगू? डाव्या तळहातावर मेंदी लावली, ईदची मेंदी फिकी पडलेला उजवा तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी कढईतून उतरलेला कोमट खवा दोन्ही हातांवर घोळला. उजव्यावर काही नाही. डाव्यावर तोच झोंबणारा वास. मग थंड खवा घोळला तर डाव्यावरही वास नाही. नागूबाईंचा घाणा सगळ्यात शेवटी उतरतो, टेंपोत पोत्यात गुंडाळून जातो, म्हणून पुण्याला पोचला तरी कोमट होता. बाकीच्यांचा थंड होता म्हणून सुटला. त्यांचा सगळ्यात ताजा होता म्हणून माझ्या हातातलं तेल त्यानं ओढून घेतलं. तो चांगला होता म्हणून नापास झाला, फुफी.

मी उमाशंकरांना अब्बांच्याच फोनवरून सांगितलं, स्पीकरवर. चूक माझी आहे, त्या बाईला पूर्ण भाव द्या. ते हसले. म्हणाले, चूक झाली तरी आपल्या बाजूची झाली ना, मग कशाला उकरून काढतेस, रुजू हो लवकर. अब्बांनी ऐकलं. फोन ठेवला आणि भट्टीत लाकूड सारायला गेले.

नागूबाईंच्या घरी मी एकटी गेले. सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी माझा हात धरला, उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "आता म्या कुणाला विचारू गं? खवा चांगला हाय का न्हाय, तुलाच तर विचारत हुते."

म्हणून मला कॉलेजला जायचंय. मला पास-नापास म्हणायची खुर्ची नको. मी चुकले तर मला चूक आहे असं दाखवणारं काहीतरी पाहिजे, यंत्र असो, परीक्षानळी असो, कागद असो. तो कागद नागूबाईंच्या हातात देता आला पाहिजे. सीईटीत मार्क चांगले पडलेत. अब्बांना वाईट वाटलंय हे मला दिसतं, पण ते म्हणतात जबान दिली. १८ तारखेला उमाशंकर तीन वर्षांचा करार घेऊन येणार आहेत. मी सही करणार नाही. घरातून हाकललं तर मुरुमला येईन, दुकान झाडीन. एवढं सांगून ठेवते.

अलिजा


मुरुम,
८ जुलै

अलिजा,

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. उमाशंकर मूळचा इथलाच, आमच्या मुरुमचा. त्याची बायको माझ्याकडं बांगड्या भरायला येते. तुझ्या हाताची गोष्ट मीच तिला सांगितली होती, मोठ्या फुशारकीनं. ते कुठंतरी ऐकलं म्हणतात ना, ते माझ्या दुकानात ऐकलं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा कबूल करायला पाहिजे होतं. नाही केलं, कारण मला वाटलं मी तुझं भलं केलंय आणि पुढं तू माझं नाव घेशील.

आणि वर कोनही मीच पाठवले. नागूबाईंना माझ्याकडून माफी सांग. त्यांच्या मापाच्या बांगड्या पाठवल्यात. त्यानं भरपाई होत नाही, ते मलाही कळतं.

मी तुला लिहिलं होतं की पगार आला की पोरीला विचारतात. तुझं पत्र वाचून दुकान लवकर बंद केलं आणि विचार करत बसले. तुला त्यांनी विचारलं कुठं? कोट घातला, टोपी घातली आणि तुझा हात घेतला. बाकीची अलिजा त्यांना नकोच आहे. चूक सांगायला तोंड उघडलंस तर हसले. मी माझ्या नऊ वर्षांचा राग तुझ्यावर काढत होते बेटा, डिग्रीवर काढत होते. तिचा काही दोष नव्हता. तिला पेटीत मीच ठेवली.

आता नीट वाच. भाऊजान जबान मोडणार नाहीत. मी त्यांच्याबरोबर वाढलेय, ते मरतील पण मोडणार नाहीत, त्यामुळं त्यांच्याशी भांडू नकोस. सही करणार नाही म्हणून ओरडूही नकोस, म्हणजे चार लोकांत त्यांची मान खाली जाईल. नाही म्हणायचं ते उमाशंकरनं म्हटलं पाहिजे.

पार्सलात मेंदीचे सहा कोन आहेत. तेच, त्याच पेटीतले. त्यांचं काय करायचं ते मी लिहीत नाही. हे पत्र कुलसुमभाभीला, तुझ्या अम्मीला, वाचून दाखव.

शबनम

ता. क. मुरुमला दुकान झाडायला आलीस तर झाडूनं मारीन.


भूम,
५ ऑगस्ट

फुफी,

पत्र उशिरा लिहितेय कारण दोन्ही गोष्टी एकदम सांगायच्या होत्या. आधी १८ तारखेची.

तुमचं पत्र अम्मीला वाचून दाखवलं. तुम्हाला माहितीच आहे, या सगळ्यात अम्मी एक अक्षर बोलली नव्हती. अब्बा बोलले की ती भाकरी थापते, मी बोलले की ती भांडी घासते. पत्र संपलं तशी ती पीठ मळायला उठली. मला वाटलं तिला कळलं नाही. १७ तारखेला दुपारचं सगळं आवरल्यावर तिनं मला समोर बसवलं, कात्रीनं कोनाचं टोक कापलं आणि माझा उजवा हात मांडीवर घेतला. वेल नाही, फूल नाही, नक्षी नाही. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत सगळा तळहात सारवून काढला. मग डावा. पाच कोन संपले. एक तिनं डब्यात ठेवून दिला. मी म्हटलं, अम्मी, अब्बा रागावतील. ती म्हणाली, हात हलवू नकोस, ओली आहे.

सकाळी उमाशंकर आले. अब्बांनी खुर्ची टाकली, चहा आला, करार टेबलावर ठेवला. भट्टीवरची माणसं कामं सोडून आली होती, नागूबाईही होत्या, तुमच्या बांगड्या घालून. उमाशंकरांना शेठला दाखवायला व्हिडिओ काढायचा होता. त्यांनी कढईतला कोमट खवा मागवला आणि मला म्हणाले, चल, घोळून दाखव.

मी दोन्ही हात उघडून पुढं धरले. काळेभोर होते.

ते आधी हसले. मग मी त्यांच्यासमोर खवा घोळला आणि त्यांच्याच नाकाशी धरला. त्यांनी तोंड वळवलं. मी म्हटलं, सतरा ते वीस नंबरला हाच वास होता साहेब, ओळखा. त्यांनी अब्बांकडं बघितलं. फुफी, मला तेव्हा अब्बांची भीती वाटली, खोटं कशाला बोलू. अब्बा उठले. माझा हात हातात घेतला, नाकाशी नेला. त्या नाकाला गेली दहा वर्षं काही कळत नाही, तरी चांगला लांब श्वास घेतला. मग म्हणाले, "मला तर काही वास येत नाही. माझी जबान कायम आहे, साहेब. पोरगी उभी आहे, न्या."

आता असा हात नेऊन ते काय करणार? कागद घडी करत म्हणाले, ठीक आहे, मेंदी काय, वीस-पंचवीस दिवसांत उतरेल. मग येतो.

तेवढ्यात अम्मी चहाचे कप उचलायला आली. सगळ्या माणसांसमोर, पदर सारखा करत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "या की. तोवर मी परत काढलेली असेल."

उमाशंकरांनी तिच्याकडं बघितलं, मग अब्बांकडं. करार बॅगेत घातला आणि म्हणाले, गफारभाई, राहू द्या, आम्ही दुसरा माणूस बघतो. अब्बा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. नागूबाईंनी माझा काळा हात धरून ठेवला होता, त्यांच्या बांगड्या मला टोचत होत्या.

अब्बा परत आले ते माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत नाही, दुसऱ्या दिवशी नाही. भट्टीवर नवीन घाणा उतरला की मला बोलवायचे, माझे हात बघायचे आणि स्वतःच काहीतरी पुटपुटत निघून जायचे. त्यांना खवा विचारायला कुणी राहिलं नव्हतं. मला वाटायचं, मी जिंकले खरी, पण अब्बांना परत एकदा बिननाकाचं करून ठेवलं. त्या दिवसांत मला लई रडू आलं, तुम्हाला सांगते, आणि तरी कागदावर सही केली असती तर बरं झालं असतं असं मला एकदाही वाटलं नाही.

दुसरी गोष्ट परवाची. यादी लागली. उदगीरच्या यादीत माझं नाव आहे. मोबाईलवर मीच आधी बघितलं आणि कुणाला सांगायचं ते कळेना, म्हणून फोन तसाच अब्बांपुढं धरला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ नाव शोधलं, बोट ठेवून वाचलं. मग विचारलं, उदगीरला जायला लातूरला गाडी बदलावी लागते का? मी हो म्हटलं. सामान जास्त असेल तर मी येतो, म्हणाले.

जरा वेळानं त्यांनी विचारलं की मेंदीचं डोकं कुणाचं होतं. अम्मी चुलीकडं तोंड करून बसली. मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी तुमची पत्रं मागितली, मी सगळी दिली. अंगणात बाजेवर बसून त्यांनी ती वाचली, ते पेटीतल्या सर्टिफिकेटचं होतं तेसुद्धा. मी भांडी विसळत होते. वाचून झाल्यावर घडी घातली, माझ्याकडं दिली आणि म्हणाले, फुफीला आज लिही. हे माझ्या तोंडून आलंय असंच लिही.

तर लिहिते. तुमचे भाऊजान म्हणतात, "शबनमला सांग, तिचं बी.ए. वाया गेलं नाही."

तुमची
अलिजा